पाहुणे वाटेत आहेत

सायकलच्या शर्यतीत सगळ्यात अवघड काय असतं, असं माझ्या शाळेतल्या मुली अधूनमधून विचारतात. मी लातूरला एका शाळेत पीटीची बाई आहे आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत स्पर्धेत सायकल चालवायचे, हे त्यांना कुठून तरी कळलेलं असतं. चढ, वारा, पंक्चर असलं काहीतरी ऐकायच्या तयारीत त्या बसतात. मी खरं ते सांगते. सगळ्यात अवघड असते सुरुवात. म्हणजे सुरुवात होणं.

आमच्या विभागाची निवड चाचणी दरवर्षी मार्च संपता संपता व्हायची, लातूर-नांदेड रस्त्यावर. एकेकाला मिनिटाच्या अंतरानं सोडायचं, दहा किलोमीटर जायचं, वळसा घालून दहा परत यायचं. ज्याची वेळ सगळ्यात कमी तो राज्याच्या स्पर्धेला जाणार. पत्रकावर वेळ कायम सकाळी साडेसहाची. साडेसहाला आम्ही हजर असायचो, छातीवर नंबर, टायरात हवा ठासून. समोर शामियाना. शामियान्यात एक मोठी खुर्ची, खुर्चीवर पांढरा टॉवेल, आणि खुर्चीत कुणीच नाही. प्रमुख पाहुणे वाटेत असायचे.

ते नऊपर्यंत वाटेतच असायचे. मग कुणीतरी फोन लावायचं आणि कळायचं की अजून आंघोळ व्हायचीय. दहाला गाडी यायची. मग भर रस्त्यावर दीपप्रज्वलन. हायवेच्या वाऱ्यात समई पेटतेय थोडीच! चार जण उपरण्याचा आडोसा धरून उभे. त्यानंतर शाल, नारळ, सत्कार. सत्काराच्या यादीत एकाचं नाव हमखास राहायचं, तो रुसून गाडीत जाऊन बसायचा, त्याला समजावून आणायचं. मग पाहुणे भाषणात सांगायचे की तेही लहानपणी सायकलवरच शाळेत जायचे. हे प्रत्येक पाहुणा सांगायचा. हिरवी झेंडी हलायला सव्वाअकरा. मार्चअखेरचं आमचं सव्वाअकराचं ऊन काय चीज आहे, ते ज्यानं अंगावर घेतलंय त्यालाच ठाऊक.

माझं माहेर नायगावचं. सुट्टीत तिकडं गेले की सरावाला माझ्यासोबत एक मुलगी असायची, बिलोलीची, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मला आक्का म्हणायची. तिचे वडील दुसऱ्याच्या शेतात कामाला, आई अंगणवाडीत मदतनीस. घरात सायकल आतल्या खोलीत, पलंगाशेजारी उभी असायची. बोलायला अशी कंजूष की दहा प्रश्नांना मिळून एक 'हाव'. पण सपाट रस्त्यावर एकदा ती खाली वाकली की दोन मिनिटांत मला तिची पाठसुद्धा दिसायची नाही. मी बऱ्यापैकी सायकलपटू होते. ती खरीखुरी होती. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि थोडा जळफळाट होऊन गेल्यावर मी ते मान्यही केलं.

तिचं सगळं तेवीस वर्षांखालच्या गटावर होतं. राज्याला जाऊन नंबर काढला की खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरीचा अर्ज करता येतो. मोठ्या गटात आमच्याकडून कुणी फारसं टिकत नाही. तिच्या हातात दोनच वर्षं उरली होती. त्यातल्या पहिल्या वर्षी ती पहाटे चारला दोन घास खाऊन निघाली, साडेसहापासून सव्वाअकरापर्यंत उन्हात उभी राहिली, पाहुण्यांच्या लहानपणच्या सायकलची गोष्ट ऐकली, आणि वळशापाशी पोटरीत असा गोळा आला की सायकलसकट आडवी झाली. मी पोचले तेव्हा ती बाभळीखाली पाय धरून बसलेली. रडत नव्हती. मग तिच्या वाटचं मीच बोलले, घरी जाईपर्यंत.

माझं तोंड मुळात तिखट. पण आधी रीतीनं गेले. आम्ही सात-आठ जणांनी सह्या करून विभागाच्या सायकल संघटनेला निवेदन दिलं की शर्यत वेळेवर सुरू करा, सत्कार काय ते नंतर करा. महिनाभरानं उत्तर आलं, आपल्या निवेदनाची नोंद घेण्यात आली आहे. सोबत पुढच्या कार्यक्रमाची पत्रिका. त्यावर पाच प्रमुख पाहुण्यांची नावं होती.

त्याच आठवड्यात शाळेच्या खेळांच्या बनियनांवर नंबर छापून घ्यायला मी लातुरात छपाईवाल्याकडं गेले. इथं क्लासेस इतके की नुसत्या बॅचच्या टी-शर्टांवर चार-पाच दुकानं चालतात. मी तिथं बसून धुमसत होते आणि धुमसता धुमसता सगळी कथा त्या भल्या माणसाला ऐकवली. त्यानं हातातलं काम न थांबवता विचारलं की पाठीवर काय लिहायचं, ते सांगा. मी चेष्टेत म्हटलं, लिहा, प्रमुख पाहुणे वाटेत आहेत. त्यानं ते कागदावर लिहिलं आणि पुढं एक रिकामी खुर्ची काढली. मग खुर्चीकडं बघत राहिला.

"टॉवेल टाकावा लागंल मॅडम," तो म्हणाला. "न्हाईतर कळणार न्हाई कुणाची खुर्ची हाय."

टॉवेल टाकला, आणि खरंच, त्या टॉवेलानं चित्रात जीव आला.

एका रविवारी आम्ही सात जण ते टी-शर्ट घालून नांदेडहून नायगावला निघालो. मागून येणारा प्रत्येक मोटारसायकलवाला आमची पाठ वाचून, पुढं जाऊन, वळून बघून हसत होता. एका जीपवाल्यानं गाडी हळू करून विचारलं, किती वेळ झाला वाटेत येऊन? नायगावच्या हॉटेलात चहा पिताना कुणीतरी आमचा फोटो काढला, आणि दुपारपर्यंत तो माझ्याच आईच्या मोबाइलवर, मावशीकडून फिरत फिरत आला.

मग जी मागणी सुरू झाली, ती काय सांगू. सायकलवाले राहिले बाजूला. क्लासची पोरं आली, बँडवाले आले, अंगणवाडीच्या बायांनी एकदम गठ्ठ्यानं मागवले. तेव्हा मला उमगलं की अख्खा मराठवाडा कुठल्या ना कुठल्या शामियान्यात कुणाची तरी वाट बघून राहिलाय. एका नगरसेवकानंही एक नेला. मेहुण्याला द्यायचाय, म्हणाला. आम्हीही चेकाळलो. टोपी काढली, त्यावर 'सत्कारात नाव राहिल्यास क्षमस्व'. पुठ्ठ्याचा हातपंखा काढला, त्यावर 'भाषण संपेपर्यंत वापरा'. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी तो पंखा स्वातंत्र्यदिनाला, पाहुणे बोलत असताना, पहिल्या रांगेत बसून शांतपणे वापरला. मी ध्वजाकडं बघत ओठ चावून उभी.

बिलोलीच्या माझ्या मैत्रिणीनं मात्र टी-शर्ट घेतला नाही. मी तिच्या मापाचा वेगळा काढून ठेवला होता. तिनं हातात घेतला, उलटसुलट पाहिला, हसली आणि घडी घालून परत दिला.

संघटनेच्या सचिवांनी मला नांदेडला बोलावून घेतलं. त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो. त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान. गेले तर गल्ल्याजवळ आमचा टी-शर्ट पसरलेला. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, पण ते ओरडलेच नाहीत. वीस-एक वर्षं हा माणूस संघटना एकट्यानं ओढत होता. शर्यतीला पाण्याचे जार स्वतःच्या जीपमधून आणायचा, परतताना रस्त्यावरचे कागदी पेले वेचायचा. हे मला माहीत होतं आणि टी-शर्ट छापताना मी ते सोयीनं विसरले होते.

"तुला काय वाटतं, मला हौस हाय का वाट बघायची?" ते म्हणाले. "पाहुणा रुसला तर रस्ता कोण देतो? पोलीस बंदोबस्त कोण देतो? तू देती?"

मी म्हटलं की मुलगी उन्हात पडली सर, तिला विचारा. त्यांनी चहा पाजला. पण आठवड्यानं संघटनेच्या ग्रुपवर फतवा आला, की सदर वादग्रस्त टी-शर्ट घालून येणाऱ्या स्पर्धकास सुरुवातीच्या रेषेवर उभं करण्यात येणार नाही. टी-शर्टची विक्री त्यामुळं आणखी वाढली.

मला गंमत वाटून राहिली होती. तिला नाही. एकदा बिलोलीच्या रस्त्याला सराव करून पुलाच्या कठड्यावर आम्ही शेंगदाणे खात बसलो होतो, तेव्हा ती जे बोलली ते तिच्या मानानं भाषणच होतं.

"आक्का, तुझं बरं हाय. तुला नोकरी हाय. तुला घेतलं न्हाई तरी तू हसत घरी जाशील. माझं हे एकच वर्ष राहिलंय बघ. माझ्या फॉर्मवर त्यांचीच सही लागती."

मी तिला शब्द दिला की तुझं नाव कुठंच येऊ देणार नाही. आणि सरांनीही तिच्या फॉर्मवर निमूट सही केली. तू पण त्या टी-शर्टवाल्यांत हायस का, एवढं फक्त विचारलं म्हणे. तिनं नाही सांगितलं. तेव्हा मनातल्या मनात मला थोडं लागलं, हेही सांगून टाकते. आता त्याची लाज वाटते.

चाचणीच्या आदल्या दिवशी ती एसटीनं सायकल घेऊन लातूरला माझ्या खोलीवर आली. हे वर्ष वाया जाऊ द्यायचं नाही, यावर आमचं एकमत होतं. मी बेत पक्का करून ठेवला होता. गेल्या वर्षी तिला काय नडलं? पोटरी नाही, ते पाच तासांचं उभं राहणं नडलं. मग उभंच राहायचं नाही. बाकीचे साडेसहाला जाऊन तळतील, तळू दे. आपण निवांत उठायचं, पोटभर खायचं, पाय मोकळे करायचे आणि साडेआठला पोचायचं. पाहुणे दहाच्या आत येत असतील तर मी नाव बदलीन, असंही मी म्हटलं.

संध्याकाळीच ग्रुपवर सरांचा संदेश आला. मला त्या ग्रुपमधून कधीच काढलं होतं, तिनं तिच्या मोबाइलवर दाखवला. उद्या ठीक साडेसहा वाजता पहिला स्पर्धक सुटेल. पाहुणे नाहीत. सत्कार नाही.

मी हसून हसून लोळले. हे तर दरवर्षीचं 'ठीक', म्हटलं. खुर्ची आणि टॉवेलही आणणार नाहीत म्हणावं!

"खरं असंल तर?" ती म्हणाली.

"मी आहे ना," मी म्हटलं. "झोप."

ती पाचला उठून बूट घालून दाराशी बसली होती. मी तिला बूट काढायला लावले. मुरमुऱ्यांची सुशीला केली, वर दाण्याचं कूट जास्त घातलं, केळं खायला लावलं, पाणी पाजलं. सहा वाजले, साडेसहा वाजले. ती दर पाच मिनिटांनी मोबाइल बघायची आणि माझ्याकडं बघायची. मी तिला आमच्या पाहुण्यांच्या नकला करून दाखवत होते. तिला हसू येत नव्हतं, पण माझ्या मनासाठी ती हसत होती.

साडेआठला आम्ही पोचलो. शामियाना नव्हता. खुर्ची नव्हती. रस्त्याच्या कडेला एक टेबल होतं, त्यावर वहीचे कागद, आणि सर जारमधलं उरलेलं पाणी बाभळीच्या मुळाशी ओतत होते. पोलीस बॅरिकेड बाजूला करून गाडीत टाकत होते; पाहुण्यांवाचून हा बंदोबस्त मिळवायला सरांनी ठाण्यात किती खेटे घातले, ते मागून कळलं. पहिली मुलगी साडेसहाच्या ठोक्याला सुटली होती. शेवटचा मुलगासुद्धा परत येऊन घाम पुसत होता.

तिथं आमच्यासारखेच आणखी पाच जण हेल्मेट काखेत मारून खुळ्यासारखे उभे होते. ज्यांनी ज्यांनी टी-शर्ट घेतले होते, नेमके तेवढेच उशिरा आले होते. आमचा स्वतःच्या विनोदावर इतका विश्वास बसला होता. आणि त्या सगळ्यांत टी-शर्ट न घेतलेली एकटी ती.

सर माझ्यावर चिडतील, टोमणा मारतील, असं वाटलं. मारला असता तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते तिच्याशीच बोलले.

"तुझ्यासाठी दहा मिनिटं थांबायचं म्हणत होतो बेटा. तर लाईनीतलीच एक पोरगी म्हणाली, सर, ह्या वर्षी तरी वेळेवर सोडा. आता मी काय करायचं होतं?"

मी सरांच्या हातापाया पडायला लागले, आत्ता सोडा, घड्याळ तुमच्याकडंच आहे, एकच तर मुलगी आहे. ते म्हणाले, नियम म्हणजे नियम, तूच तर लिहून दिलंस. ते खरं होतं. निवेदनातलं तिसरं वाक्य माझं होतं, की उशिरा येणाऱ्याची गय करू नये. मी ते पाहुण्यांना उद्देशून लिहिलं होतं.

ती सायकल घेऊन रेषेवर गेली. रेष चुन्याची, गाड्यांच्या चाकांनी अर्धी पुसलेली. तिथं उभी राहिली, वाकली आणि निघाली. कुणासाठी, कशासाठी, कुणी विचारलं नाही. मी एकाची स्कूटी घेतली आणि मागं लागले. खेळाच्या बाईची सवय, हात आपोआप मोबाइलच्या स्टॉपवॉचवर गेला. स्कूटीमुळं तिला वाऱ्याचा आडोसा मिळून वेळ खोटी पडू नये म्हणून मी मागंच राहिले. रस्ता आता कुणी अडवलेला नव्हता. सोयाबीनचे ट्रक, ट्रॅक्टर, एसटी, सगळ्यांतून ती वाट काढत होती. वळशाला तिनं पायडल सोडलं नाही. गेल्या वर्षी पडली ती जागा आली, ती तिकडं न बघता गेली. परतीच्या दहा किलोमीटरला ऊन अंगावर आलं होतं, नि तरी मला स्कूटीची मूठ आणखी पिळावी लागली. असं सायकल चालवणारं माणूस मी आमच्या भागात पाहिलं नाही, आजपर्यंत नाही.

रेष ओलांडून ती बाभळीखाली बसली. सर टेबल उचलून जीपमध्ये ठेवत होते. निकालाचा कागद अजून टेबलावरच होता, त्यावर मुलींमधली पहिली वेळ मी वाचली आणि मोबाइल पाहिला. मग मोबाइल खिशात टाकला.

पाणी प्यायल्यावर तिनं विचारलं, "आक्का, टाइम लावला व्हता का?"

"न्हाई गं," मी म्हटलं. "ध्यानातच राहिलं न्हाई."

तिनं बुटाचे बंद सैल केले. मग म्हणाली, "बरं झालं. तसंबी मागंच पडले असते. पाय जड व्हते आज." आणि हसली, अशी की छातीवरचं काहीतरी उतरलं असावं. त्या हसण्यानं मला वाटलं की आपण खोटं बोललो ते तिच्यासाठीच बोललो. लई दिवस मी स्वतःला तेच सांगत होते. तिच्यासाठी नव्हतं ते. माझ्यामुळं तिचं नेमकं काय गेलं, हे तिला कळू नये म्हणून होतं.

चाचणी त्यानंतर दरवर्षी साडेसहाला सुरू होते. सर आता थकले, पण वेळ पाळतात. लोक त्याचं श्रेय टी-शर्टला देतात आणि मला एक-दोनदा या गोष्टीवर बोलायला बोलावलंही आहे. मी जात नाही.

ती बिलोलीतच असते. एका कार्यालयात कंत्राटी कामावर आहे, लग्न झालं, एक मुलगी आहे. लातूरला कामानिमित्त आली की माझ्याकडं जेवूनच जाते. सायकलचा विषय माझे घरचेच काढतात आणि मग ती हात झटकून म्हणते, अहो मी कुठली सायकलवाली, माझं काय व्हणार व्हतं, खामखा आक्काला त्रास दिला. सगळे हसतात. तिच्या ताटात भाकरी वाढता वाढता मीही हसते.

एक्कावन्न सेकंदांनी, बाई. त्या दिवशी तू पहिली होतीस.